अमेरिकेतल्या घटस्फोटाचे कागद काउंटी कोर्टातून कसे काढायचे

घटस्फोट झाल्यावर वकिलाने पाठवलेली पीडीएफ ईमेलमध्ये कुठेतरी पडून असते आणि वर्षानुवर्षं तिची आठवणही येत नाही. मग दुसरं लग्न ठरतं, घराचं कर्ज काढायचं असतं, लायसन्सवर माहेरचं आडनाव परत घ्यायचं असतं किंवा भारतीय पासपोर्टवरून जोडीदाराचं नाव काढायचं असतं, आणि समोरून निरोप येतो, ‘सर्टिफाइड कॉपी आणा.’ तिथे पीडीएफचा उपयोग नाही. कोर्टाचा शिक्का आणि क्लर्कची सही असलेला कागद लागतो, आणि तो मिळतो ज्या काउंटीत (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या भागात) केस चालली तिथेच.

अमेरिकेत घटस्फोट हा राज्यांचा विषय. देशभरातल्या घटस्फोटांचं एकच दफ्तर वॉशिंग्टनमध्ये आहे असं काही नाही. काम तसं अवघडही नाही. पुण्या-मुंबईच्या कोर्टात नक्कल अर्ज देऊन वाट पाहिलेल्यांना तर ते सोपंच वाटेल, कारण अलीकडची केस असेल तर कॉपी पुष्कळदा त्याच दिवशी हातात पडते. हेलपाटे होतात ते बहुतेक वेळा चुकीचा कागद मागितल्यामुळे किंवा चुकीच्या दारात गेल्यामुळे. म्हणून या दोन गोष्टींवर इथे जरा जास्त लिहितो.

कागद मागणाऱ्याला आधी विचारा

घटस्फोटाचे कागद साधारण तीन प्रकारचे. पहिला म्हणजे राज्याच्या आरोग्य खात्याकडून मिळणारं सर्टिफिकेट किंवा नोंद असल्याचं पत्र. त्यात दोघांची नावं, तारीख आणि काउंटी एवढंच असतं. दुसरा म्हणजे न्यायाधीशाच्या सहीची डिक्री, जिला काही राज्यांत जजमेंट म्हणतात. तिसरी अख्खी फाइल: अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा, समोरच्याचं उत्तर, पैशांचा आणि मुलांच्या ताब्याचा करार, मधले सगळे आदेश.

सर्टिफिकेट स्वस्त असतं, नाव भारदस्त असतं, म्हणून लोक तेच मागवतात आणि फसतात. ग्रीन कार्डसाठी आधीचं लग्न कायदेशीर संपल्याचा पुरावा लागतो. तिथे डिक्रीच द्यावी. फॉर्मसोबत साधी झेरॉक्स चालून जाते, पण मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इमिग्रंट व्हिसाची मुलाखत असेल तर मूळ किंवा सर्टिफाइड कॉपी हातात असायला हवी. घराचं कर्ज देणाऱ्याला डिक्रीसोबत कराराची सगळी पानं हवी असतात, कारण पोटगी कोण कोणाला किती देतं आणि जुन्या घराचं कर्ज कोणाच्या डोक्यावर आहे हे त्याला पाहायचं असतं. लग्न किमान १० वर्षं टिकलं असेल तर माजी जोडीदाराच्या खात्यावर सोशल सिक्युरिटीचा लाभ मागता येतो, तिथेही लग्नाची आणि घटस्फोटाची कागदपत्रं लागतात.

नाव बदलायचं असेल तर आणखी एक गोष्ट बघा. डिक्रीत ‘पूर्वीचं नाव परत घेण्याची परवानगी’ असं वाक्य आहे का? ते नसेल तर डिक्रीच्या दहा कॉप्या काढल्या तरी डीएमव्हीत, म्हणजे लायसन्सच्या ऑफिसात, उपयोग नाही. रिअल आयडीची, म्हणजे कडक नियमांच्या नव्या ओळखपत्राची, अंमलबजावणी ७ मे २०२५ पासून सुरू झाली, तेव्हापासून जन्मनाव, लग्नानंतरचं नाव आणि आत्ताचं नाव जोडणारा प्रत्येक कागद नीट लागतो. कॅलिफोर्नियात जजमेंटमध्ये हा आदेश राहून गेला असेल तर त्याच केसमध्ये एफएल-३९५ हा छोटा फॉर्म भरून तो नंतरही घेता येतो. सर्टिफाइड कॉपीचे पैसे त्यानंतर भरा.

राज्याच्या खात्याकडे काय मिळतं तेही राज्यागणिक निराळं. टेक्ससमध्ये १९६८ पासूनच्या घटस्फोटांचं फक्त खातरजमा पत्र मिळतं. न्यूयॉर्कचं आरोग्य खातं १ जानेवारी १९६३ नंतरच्या घटस्फोटांचं सर्टिफिकेट देतं. कॅलिफोर्नियाच्या खात्याकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळाची नोंद आहे, तीही डिक्री नव्हे. म्हणजे २०१५ साली सॅन होजेत घटस्फोट झालेल्या माणसाने सॅक्रामेंटोला, म्हणजे राज्याच्या राजधानीतल्या खात्याला, अर्ज पाठवला तर हाती काहीच लागणार नाही.

काउंटी कोणती आणि खिडकी कोणती

लग्न कुठे झालं याचा इथे संबंध नाही. तुम्ही आज कुठे राहता याचाही नाही. केस दाखल कुठे झाली तेवढंच बघायचं. लग्न साताऱ्यात, संसार न्यू जर्सीत, घटस्फोट टेक्ससच्या कॉलिन काउंटीत आणि आता मुक्काम सिअ‍ॅटलला, असं असेल तर कागद कॉलिन काउंटीतच. शहराचं नाव आठवतं पण काउंटीचं नाही, असं पुष्कळांचं होतं. शहर आणि राज्य शोधून काउंटी लगेच सापडते. फक्त एकाच शहराचे भाग दोन-तीन काउंट्यांत असू शकतात, म्हणून त्या वेळचा पूर्ण पत्ता टाकून बघा. फ्रिस्को हे त्याचं उदाहरण, अर्धं कॉलिनमध्ये आणि अर्धं डेंटनमध्ये.

काउंटी सापडली की ऑफिस शोधायचं, आणि इथे प्रत्येक राज्याने आपला वेगळा थाट ठेवला आहे. कॅलिफोर्नियाच्या ५८ काउंट्यांत प्रत्येकी एक सुपीरियर कोर्ट आहे आणि घटस्फोटाच्या फाइली तिथल्या क्लर्ककडे असतात. सांता क्लारा काउंटीसाठी सॅन होजेचं फॅमिली जस्टिस सेंटर. टेक्ससमध्ये ‘काउंटी क्लर्क’ अशी पाटी दिसली म्हणून आत शिरू नका. तिथे लग्नाची लायसन्सं मिळतात, घटस्फोट असतात डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे. इलिनॉयमध्ये सर्किट कोर्टाचा क्लर्क, शिकागोसाठी कुक काउंटीचा. जॉर्जियात आणि वॉशिंग्टन राज्यात सुपीरियर कोर्टाचा क्लर्क. व्हर्जिनियात सर्किट कोर्ट, मग तुम्ही लाउडनचे असा की फेअरफॅक्सचे. मॅसॅच्युसेट्समध्ये प्रोबेट अँड फॅमिली कोर्ट. पेनसिल्व्हेनियाच्या बहुतेक काउंट्यांत या अधिकाऱ्याला प्रोथोनोटरी असं भारदस्त नाव आहे. पाटी वाचून परत फिरू नका, खिडकी तीच.

न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट सुप्रीम कोर्टात होतो. आपल्या कानाला ते सर्वोच्च न्यायालय वाटतं, पण तिथलं सुप्रीम कोर्ट हे खालचंच कोर्ट, आणि त्याच्या फाइली काउंटी क्लर्क सांभाळतो. तिथे फॅमिली कोर्टही आहे, पण ते घटस्फोट देत नाही, त्यामुळे तिथे चौकशी करून काही मिळणार नाही. न्यू जर्सीत केस काउंटीत चालते, तरी डिक्रीच्या कॉपीसाठीचे अर्ज ट्रेंटनच्या सुपीरियर कोर्ट क्लर्कच्या ऑफिसमार्फत हाताळले जातात. एडिसनच्या मंडळींनी न्यू ब्रन्सविकच्या काउंटी कोर्टाकडे गाडी काढण्यापूर्वी फोन करून घ्यावा.

घटस्फोट नेव्हाडात झाला असल्याची शक्यताही विसरू नका. तिथे सहा आठवड्यांच्या वास्तव्यावर अर्ज करता येतो, म्हणून बाहेरच्या राज्यातले लोक तिथे जात आले आहेत. लास व्हेगस असेल तर क्लार्क काउंटी, रीनो असेल तर वॉशू.

केस नंबर, आणि आपल्या नावांचा घोळ

केस नंबर हाताशी असला की निम्मं काम झालं. जुन्या पीडीएफच्या पहिल्या पानावर उजवीकडे वरच्या कोपऱ्याजवळ तो सापडतो; टेक्ससमध्ये त्याला कॉज नंबर म्हणतात. वकिलाच्या बिलावर, पोटगीच्या पत्रावर, ४०१के या निवृत्तीच्या खात्याच्या वाटणीच्या आदेशावरही तो असतो. त्या वेळच्या वकिलाला एक ईमेल टाकून विचारलंत तर बहुधा लगेच मिळेल.

नंबर नसेल तर नावावर शोध, आणि इथे मराठी माणसाची खरी परीक्षा. आपल्या पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं अशी दोन्ही नावं बसलेली असतात. अमेरिकेतल्या कोर्टाच्या यादीत त्यातलं दुसरं कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्याला चिकटतं, कधी फक्त आद्याक्षर उरतं. आडनाव आणि नाव उलटसुलट टाकलेलं असू शकतं. पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना सरकारी कागदांत पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन) लावतात, आणि कोर्टाच्या यादीतही ते ‘एफएनयू’ या नावाने सापडू शकतात. त्यात बायकांचं मधलं नावही लग्नानंतर बदललेलं, म्हणजे एकाच बाईची चार-पाच रूपं कागदोपत्री फिरत असतात.

म्हणून शोधायच्या आधी कागदावर लिहून काढा: दोघांची लग्नाआधीची आणि लग्नानंतरची नावं, आडनावाची सगळी स्पेलिंग्ज (‘देशपांडे’मध्ये शेवटी एक ‘ई’ की ‘वाय’, ‘चव्हाण’मध्ये ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, इथपर्यंत), आणि केस कोणी दाखल केली. यादी दोन्ही बाजूंच्या नावाने शोधता येते. तुमचं नाव सापडत नसेल तर समोरच्याचं टाका. त्याचं आडनाव सरळ असेल तर एका झटक्यात मिळून जातं. खिडकीवरही हीच यादी द्या. क्लर्क तुमचं नाव ऐकून टाइप करेल या भरवशावर राहू नका.

वर्ष नक्की आठवत नसेल तर अंदाजे काळ सांगा. मात्र कॅलिफोर्नियात शोधायला १० मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागला तर १५ डॉलर वेगळे आकारतात, म्हणून घरी जमेल तेवढं शोधून जाणं बरं.

ऑनलाइन काय दिसतं

पुष्कळ काउंट्यांच्या कोर्टाच्या साइटवर नावाने केस शोधता येते. केस नंबर, दोन्ही बाजू, दाखल तारीख आणि कोणत्या दिवशी काय झालं याची यादी दिसते. मूळ कागद उघडता येतीलच असं नाही. कॅलिफोर्नियात कौटुंबिक केसचे कागद सर्वसामान्यांना घरबसल्या न दाखवण्याचा नियम आहे. कोर्टातल्या कॉम्प्युटरवर मात्र ते बघता येतात. पेसर या साइटवर वेळ घालवू नका. ती केंद्रीय कोर्टांची आहे, घटस्फोट तिथे नसतात.

सर्च इंजिनवर ‘डिव्होर्स रेकॉर्ड्स’ टाकलं की सगळ्यात वर ज्या साइटी येतात त्या बहुतेक खासगी धंदे असतात. गरुडाचं चित्र, निळा-लाल रंग, ‘तुमची नोंद सापडली’ असा हिरवा पट्टा, मग पैसे भरा. पैसे भरून मिळतो तो इकडून तिकडून गोळा केलेला मजकूर. त्यावर क्लर्कची सही नसते, त्यामुळे तो कागद कुठेच चालत नाही. काउंटीची किंवा राज्याच्या कोर्टाची अधिकृत साइट आहे का, एवढं पत्त्यावरून पाहून घ्या.

प्रत्यक्ष जाताना

जवळ राहत असाल तर स्वतः जाणं उत्तम. चूक झाली तर तिथल्या तिथे सुधारता येते. जाण्यापूर्वी साइटवर वेळ बघा, कारण पुष्कळ ठिकाणी खिडकी इमारतीच्या आधी बंद होते. दुपारी तीन-चारला पडदा ओढलेला सापडू शकतो. दाराशी विमानतळासारखी तपासणी असते. किल्ल्यांच्या जुडग्याला लटकवलेला छोटा चाकू गाडीत ठेवा.

सोबत घ्यायचं ते एवढंच: फोटो असलेलं ओळखपत्र, केस नंबर, नावांची ती यादी आणि पैसे. काही ठिकाणी कार्डावर वरचा आकार लागतो, काही ठिकाणी वैयक्तिक चेक घेत नाहीत. थोडी रोख जवळ असू द्या.

खिडकीवर बोलणं थोडक्यात करा. घटस्फोट का झाला, कोणाचं चुकलं, हे क्लर्कला सांगून उपयोग नाही, आणि ‘मी कोणता कागद घेऊ?’ असं विचारलंत तर ‘आम्ही कायदेशीर सल्ला देत नाही’ हे ठरलेलं उत्तर मिळेल. तो खडूसपणा नाही, त्यांना खरंच मनाई असते. म्हणून आपणच नेमकं सांगायचं: अमुक नंबरच्या केसमधलं अंतिम जजमेंट, जोडलेल्या करारासकट सगळी पानं, सर्टिफाइड, दोन प्रती. ‘जोडलेल्या करारासकट’ हे शब्द विसरू नका. नाहीतर वरची दोन-तीन पानं शिक्का मारून मिळतील आणि बँक तुम्हाला परत पाठवेल.

फी ठिकाणानुसार बदलते. कॅलिफोर्नियात घटस्फोटाच्या जजमेंटच्या सर्टिफाइड कॉपीला १५ डॉलर, आणि साध्या कॉप्यांना पानाला ५० सेंट. वॉशिंग्टन राज्यात पहिल्या पानाला ५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येक पानाला १ डॉलर, म्हणजे किंग काउंटीतल्या ४० पानांच्या डिक्रीला ४४ डॉलर होतात. फी वाढत राहते, तेव्हा साइटवरचा ताजा तक्ता पाहूनच निघा. उत्पन्न कमी असेल तर फी माफीचा फॉर्म मागा, तो मागायला संकोच करू नका.

जुन्या फाइली कोर्टाच्या इमारतीत नसतात. गोदामात किंवा मायक्रोफिल्मवर असतात. त्या मागवाव्या लागतात आणि दिवस, कधी आठवडे लागतात. लग्नाची तारीख ठरवण्याआधी हे काम सुरू करा.

कॉपी हातात आली की खिडकीपासून हलू नका, तिथेच बाजूला उभं राहून वाचा. शेवटच्या पानाच्या मागे किंवा खाली ‘ही दफ्तरातल्या मुळाची खरी प्रत आहे’ अशा अर्थाचा शिक्का, तारीख, डेप्युटी क्लर्कची सही आणि कोर्टाची मोहोर असते. मोहोर कुठे उठावदार असते, बोट फिरवलं की लागते. कुठे रंगीत शाईची असते. सगळी पानं आहेत ना, न्यायाधीशाची सही आणि ‘फाइल्ड’चा शिक्का आहे ना, ते बघा. कॅलिफोर्नियाचं जजमेंट म्हणजे एफएल-१८० हा फॉर्म. त्यावर दोन तारखा असतात: जजमेंट नोंदवल्याची आणि वैवाहिक नातं संपल्याची. दुसरं लग्न करताना दुसरी तारीख धरायची, आणि ती पुष्कळदा पुढची असते. टेक्ससमध्ये डिक्रीनंतर सर्वसाधारणपणे ३० दिवस तिसऱ्या कोणाशी लग्न करता येत नाही. हॉल बुक करणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं.

आणि स्टेपल काढू नका. स्कॅनरमध्ये पानं सरळ जावीत म्हणून लोक घरी येऊन पहिलं काम तेच करतात. शिक्का शेवटच्या पानावर असतो आणि तो वरच्या सगळ्या पानांची साक्ष देत असतो. स्टेपलची भोकं दिसली की मधलं पान बदललं नसेल कशावरून, असा प्रश्न येतो आणि अपॉस्टिलचं (कागद परदेशात चालावा म्हणून जोडतात ते सरकारी प्रमाणपत्र) ऑफिस कागद परत पाठवू शकतं. पानं उलटून फोनने फोटो काढा, तेवढं पुरतं.

पोस्टाने किंवा ऑनलाइन

दूरच्या काउंटीसाठी साइटवरचा कॉपी मागणीचा फॉर्म भरा. फॉर्म नसेल तर साधं पत्र चालतं: दोघांची नावं, केस नंबर, साल, कोणता कागद, किती प्रती, सर्टिफाइड हवी हे स्पष्ट, तुमचा फोन आणि ईमेल, सही. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, पैसे, आणि तिकीट लावलेलं स्वतःच्या पत्त्याचं मोठं पाकीट. किती पानं आहेत ते माहीत नसेल तर फी आधी विचारून घ्या. काही कोर्टं ठरावीक रकमेच्या आत भरायची मुभा असलेला कोरा चेक मागतात. मी तरी त्यापेक्षा फोन करून नेमकी रक्कम विचारतो आणि मनी ऑर्डर पाठवतो.

काही काउंट्या आता इलेक्ट्रॉनिक सर्टिफाइड कॉपीही देतात. ती अमेरिकेतल्या पुष्कळ कामांना चालते, पण भारतात द्यायचा कागद असेल तर शाईचा आणि मोहोरेचाच घ्या.

तिसऱ्याला कागद मिळतो का?

कॅलिफोर्निया किंवा वॉशिंग्टनसारख्या राज्यांत घटस्फोटाच्या फाइली बहुतांशी खुल्या असतात. मुलांविषयीचे अहवाल आणि काही गोपनीय फॉर्म सोडले तर कोणीही फी भरून कॉपी घेऊ शकतो. ठरलेल्या स्थळाचा आधीचा घटस्फोट खरोखर पूर्ण झालाय का, हे मुलीकडचे लोक अशाच वाटेने बघतात. त्यात वावगं काही नाही. मात्र हाच खुलेपणा आपल्यालाही लागू आहे. जुन्या कागदांत बँक खात्याचे किंवा सोशल सिक्युरिटीचे आकडे उघडे राहिले असतील तर ते झाकण्याचा अर्ज करता येतो.

न्यूयॉर्कचं उलट. तिथे घटस्फोटाची फाइल १०० वर्षं बंद असते. नवरा, बायको किंवा त्यांचे वकील यांनाच ती मिळते. दुसऱ्या कोणाला पाठवायचं तर नोटरीसमोर सही केलेलं अधिकारपत्र द्यावं लागतं. मॅनहॅटनच्या फाइली ६० सेंटर स्ट्रीटच्या इमारतीत काउंटी क्लर्ककडे असतात.

कागद भारतात वापरायचा असेल तर

इथे मात्र थोडं थांबून वाचा. अमेरिकेत डिक्री झाली म्हणजे भारतात आपोआप घटस्फोट झाला, असं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ मध्ये परदेशी निकाल कधी मानायचा नाही याची कारणं दिली आहेत, आणि हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नांबाबत भारताच्या सुप्रीम कोर्टाचा १९९१ सालचा वाय. नरसिंह राव निकाल अजूनही पाया मानला जातो. त्या प्रकरणात लग्न तिरुपतीला झालं होतं आणि नवऱ्याने डिक्री आणली होती मिझुरी राज्यातल्या सेंट लुइस काउंटीच्या सर्किट कोर्टातून. कोर्टाने सूत्र असं घातलं की ज्या कायद्याखाली लग्न झालं त्यातल्या कारणावर आणि त्या कायद्याने अधिकार असलेल्या कोर्टाने घटस्फोट द्यायला हवा. त्याला अपवाद थोडे. त्यातले महत्त्वाचे म्हणजे समोरच्याने स्वखुशीने हजर राहून केस लढवली असेल, किंवा दोघांनीही संमती दिली असेल.

त्याच निकालात आपल्या विषयाचा एक बारकावा आहे. पुढे आलेली प्रत सर्किट क्लर्कच्या वतीने डेप्युटी क्लर्कने सर्टिफाय केलेली होती. झेरॉक्स आहे म्हणून ती बाद होत नाही, असं सुप्रीम कोर्ट म्हणालं. पण अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं पुढचं प्रमाणन तिच्यावर नव्हतं, म्हणून ती पुराव्यात घेता आली नाही. काउंटीची मोहोर भारतात एकटी पुरत नाही, ती अशी.

भारत २००५ साली अपॉस्टिलच्या करारात सामील झाला, तेव्हापासून नेहमीची वाट अपॉस्टिलची. ज्या राज्यातल्या कोर्टाची कॉपी त्याच राज्याकडून अपॉस्टिल घ्यायचं. तुम्ही आता दुसऱ्या राज्यात राहत असाल तरी तुमच्या राज्याचं चालत नाही, आणि वॉशिंग्टन डीसीच्या परराष्ट्र खात्याकडे पाठवून तर मुळीच नाही. कॅलिफोर्निया आणि टेक्ससमध्ये हे काम सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, न्यूयॉर्कमध्ये डिपार्टमेंट ऑफ स्टेटकडे, न्यू जर्सीत ट्रेझरी खात्याकडे. कॅलिफोर्नियात पोस्टाने २० डॉलर, टेक्ससमध्ये १५, न्यूयॉर्कमध्ये १०. अर्जात देश म्हणून ‘इंडिया’ लिहायचं. क्लर्कची सही ताजी आणि वाचता येईल अशी असली की काम लवकर होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी काढलेल्या कॉपीवरची सही त्यांच्या यादीत सापडली नाही तर कागद परत येतो.

आणि भारतासाठी नुसती डिक्री घेऊ नका. मूळ अर्ज, समन्स बजावल्याचा पुरावा आणि समोरच्याने दिलेलं उत्तर किंवा सही केलेला करार, हे कागदही सर्टिफाइड करून घ्या. उद्या पुण्याच्या विवाह नोंदणी कार्यालयात किंवा कोर्टात कोणी शंका काढली तर दुसरी बाजू हजर होती, तिची संमती होती, हे दाखवणारे कागद हेच. कॅलिफोर्नियात १९७० पासून ‘न जुळणारे मतभेद’ एवढ्या कारणावर घटस्फोट मिळतो. हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही. त्यामुळे एकतर्फी डिक्री असेल तर कागद गोळा करण्याआधी भारतातल्या कौटुंबिक वकिलाशी एकदा बोलाच.

भारतात परतल्यावर हे सगळं काढायचं म्हटलं तर अडचणी बारीक पण चिवट असतात. अमेरिकेचं तिकीट पाकिटावर लावायला इथे मिळत नाही, डॉलरची मनी ऑर्डर मिळत नाही. खुल्या राज्यात सरळ तिकडच्या मित्राला किंवा मावसबहिणीला कोर्टात पाठवा. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी अधिकारपत्र लागेल. ते मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये वेळ घेऊन नोटराइज करता येतं, एका शिक्क्याला ५० डॉलर. त्यामुळे परतीचं विमान पकडणाऱ्यांनी दोन सर्टिफाइड कॉप्या, त्यातली एक अपॉस्टिल केलेली, आधीच बॅगेत टाकाव्या.

क्लर्क म्हणाला, जजमेंटच नाही

नाव, साल, काउंटी सगळं तपासूनही नोंद मिळाली नाही तर क्लर्ककडून नोंद न सापडल्याचं पत्र मागता येतं. शेजारच्या काउंटीत शोधण्याआधी ते घेऊन ठेवा. पण कधी केस सापडते आणि जजमेंट सापडत नाही. कॅलिफोर्नियात हे घडतं, कारण समन्स बजावल्यापासून सहा महिने झाले की घटस्फोट आपोआप होतो असा समज आहे. ते सहा महिने म्हणजे कमीत कमी थांबायचा काळ. अंतिम कागद कोणी दाखल केले नसतील तर केस तशीच उघडी राहते आणि कायद्याने तुम्ही अजून विवाहित असता.

असं निघालं तर केसमधल्या नोंदींच्या यादीची कॉपी तिथेच घ्या आणि त्याच इमारतीतल्या सेल्फ-हेल्प सेंटरला जा. कॅलिफोर्नियाच्या प्रत्येक काउंटीत फॅमिली लॉ फॅसिलिटेटर असतो, तो फुकट मदत करतो, राहिलेले फॉर्म कोणते ते सांगतो. दरम्यान दुसरं लग्न झालेलं असेल तर फॉर्म स्वतः भरत बसू नका, वकील गाठा. चुकीने किंवा दुर्लक्षाने जजमेंट राहून गेलं असेल तर ते मागच्या तारखेपासून लागू करण्याचा अधिकार कॅलिफोर्नियाच्या कोर्टाला आहे, पण त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो.